ॲम्फोटेरिसिन-बी : एक नाव, अनेक औषधे

मे २०२१. करोनाची दुसरी लाट मुंबईत ओसरू लागली होती, पण लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंदच होती. अशा दिवसांत बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत रुग्णांचे नातेवाईक हातात एक चिठ्ठी घेऊन औषधांची दुकाने पालथी घालत होते. आदल्या महिन्यात अशा चिठ्ठीवर ‘रेमडेसिविर’ हे नाव असे. आता त्या जागी उच्चारायलाही अवघड असे दुसरे नाव आले होते : ॲम्फोटेरिसिन-बी.

लोकांना ते नवे वाटले, तरी औषध तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. आणि चिठ्ठीवर त्या नावाआधी आणखी एक शब्द लिहिलेला आहे की नाही, यावर रुग्णाच्या मूत्रपिंडांचे, प्रसंगी प्राणांचे भवितव्य ठरत होते. तो शब्द होता ‘लायपोसोमल’. हा धागा त्या एका शब्दाचा इतिहास आहे. त्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण परळला घडले आहे, आणि ते मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नाही.

आधी आजाराविषयी थोडक्यात. म्युकरमायकोसिस ही हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर सर्वत्र आढळणाऱ्या बुरशीची बाधा. निरोगी माणसाला ती सहसा काही करत नाही. रक्तातील साखर अनियंत्रित असेल, त्यातच स्टेरॉइड्सचा मारा झाला असेल, तर ती नाकाजवळच्या पोकळ्यांत रुजते, तेथून डोळ्यात आणि पुढे मेंदूत शिरते. रक्तवाहिन्याच बुजवते, त्यामुळे ऊतक मरून काळे पडते. ‘काळी बुरशी’ हे नाव त्या मेलेल्या मांसामुळे रूढ झाले; बुरशी स्वतः काळी नसते. भारतात मधुमेहींची संख्या मोठी असल्यामुळे करोनाच्या आधीही हा आजार येथे इतर देशांच्या तुलनेत बराच अधिक आढळत असे. २०२१ च्या अखेरपर्यंत देशात पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि महाराष्ट्र सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी होता.

उपचाराचे दोन पाय. पहिला शस्त्रक्रियेचा : मेलेले ऊतक कापून काढणे. दुसरा ॲम्फोटेरिसिनचा. बुरशीवरची नेहमीची औषधे, उदाहरणार्थ फ्लुकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल, या बुरशीवर चालत नाहीत. त्यामुळे पर्याय फार थोडे, आणि त्यांत अग्रभागी हे वयोवृद्ध औषध.

त्याचा जन्म व्हेनेझुएलातला. ओरिनोको नदीच्या काठी तेम्ब्लादोरा नावाच्या ठिकाणची माती अमेरिकेतील स्क्विब कंपनीच्या संशोधन संस्थेत आली. तिच्यात ‘स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस’ हा जिवाणू सापडला, आणि त्याने तयार केलेली दोन बुरशीनाशक द्रव्ये गोल्ड, स्टाउट, पगानो व डोनोविक या संशोधकांनी वेगळी केली. त्यांची माहिती १९५५-५६ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. एकाला ‘ए’, दुसऱ्याला ‘बी’ असे नाव मिळाले. ‘बी’ अधिक प्रभावी ठरले. त्या काळी जगभरातल्या मातीत औषधे शोधण्याची लाटच होती. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये याच पद्धतीने निस्टॅटिन शोधले होते. ते त्वचेवर आणि तोंडातल्या बुरशीवर उत्तम. परंतु रक्तात सोडण्याजोगे नव्हे.

रक्तात सोडण्याजोगे व्हावे म्हणून ॲम्फोटेरिसिनला जी सोबत देण्यात आली, तेथून पुढचा सगळा त्रास सुरू होतो. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मग त्यात डिऑक्सिकोलेट हा पित्तक्षार मिसळून त्याचे पिवळसर, धूसर असे मिश्रण तयार केले गेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते ‘फंगिझोन’ या नावाने रुग्णालयांत आले. यालाच आज ‘साधे’ किंवा ‘कन्व्हेन्शनल’ ॲम्फोटेरिसिन म्हणतात. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर, हिस्टोप्लाझ्मोसिस अशा ज्या बुरशीजन्य आजारांत मृत्यू जवळपास अटळ समजला जाई, तेथे रुग्ण वाचू लागले. ही कामगिरी लहान नव्हती. पुढची तीस वर्षे या कामासाठी त्याच्या तोडीचे दुसरे औषध नव्हते.

किंमत मात्र रुग्णाच्या शरीराने मोजली. औषध सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत दात वाजवणारी हुडहुडी, मग कडक ताप, उलट्या, डोकेदुखी. अमेरिकेतल्या निवासी डॉक्टरांनी या प्रकाराला ‘शेक अँड बेक’ म्हणायला सुरुवात केली. आधी थरथर, मग भट्टी. औषधाचेच नाव ‘ॲम्फोटेरिबल’ करून टाकले. हा थट्टेचा सूर ऐकायला बरा वाटत नाही, पण रात्रपाळीत तो अनुभव दररोज पाहणाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेली ती पळवाट असावी.

हुडहुडी दिसते तरी. मूत्रपिंडांचे नुकसान दिसत नाही. बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. ॲम्फोटेरिसिन त्याला चिकटते, आवरणाला छिद्रे पडतात आणि पेशी मरते. माणसाच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसते, पण त्याचा भाऊबंद कोलेस्टेरॉल असतो. औषध त्यालाही काही प्रमाणात चिकटते. शिवाय मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या सूक्ष्म धमन्या या औषधाने आकसतात. परिणामी क्रिएटिनिन चढत जाते. शरीर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम गमावू लागते. त्यामुळे स्नायू दुबळे होतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उपचार लांबला तर रक्तातील हिमोग्लोबिनही उतरते.

म्हणून या औषधाच्या वापराचे जे नियम आज परिचारिकांना पाठ असतात, त्यांतला प्रत्येक नियम कोणत्या तरी जुन्या नुकसानीतून आलेला आहे. साधे ॲम्फोटेरिसिन कधीही झटकन टोचायचे नाही. शिरेतून, थेंबाथेंबाने, दोन ते सहा तासांत द्यायचे. कारण वेगाने गेले तर रक्तातील पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकते. पहिल्या दिवशी अगदी अल्प मात्रा देऊन रुग्ण कसा प्रतिसाद देतो ते पाहण्याची पद्धत याच धास्तीतून रुजली. ताप आणि हुडहुडीसाठी आधी पॅरासिटामॉल व ॲलर्जीविरोधी औषध, आणि हुडहुडी आवरेनाशी झाली तर पेथिडीन. ॲमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी मूत्रपिंडांना आधीच जड जाणारी औषधे शक्य तितकी टाळायची. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांची तपासणी वारंवार, अनेकदा दिवसाआड. ज्या शिरेतून औषध जाते ती शीर सुजून दुखू लागते, म्हणून सुईची जागाही बदलावी लागते.

यातला एक नियम मराठी माणसाला विशेष गोंधळात टाकणारा आहे. साधे ॲम्फोटेरिसिन फक्त पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यात मिसळायचे. मिठाच्या पाण्यात मिसळले तर त्याचा साका तळाशी बसतो आणि औषध वाया जाते. आपल्या बोलीत मात्र खांबाला टांगलेली प्रत्येक बाटली ‘सलाईन’च असते. आत मीठ असो, साखर असो की दोन्ही, घरातले लोक फोनवर सांगताना “सलाईन लावली आहे” असेच सांगतात. रोजच्या व्यवहारात या शब्दाने काही बिघडत नाही. या एका औषधाच्या बाबतीत बिघडते.

त्यात भर म्हणजे खरे सलाईन, मिठाचे पाणी, याच रुग्णाला हवेही असते! औषधाच्या आधी अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाईन दिले तर मूत्रपिंडांना बराच आधार मिळतो, हे १९८० च्या दशकातल्या अभ्यासांतून दिसून आले. म्हणजे आधी मिठाचे पाणी, मग नळी साखरेच्या पाण्याने धुऊन घ्यायची, आणि त्यानंतर साखरेच्या पाण्यातून औषध. हा क्रम चुकता कामा नये. म्युकरमायकोसिसचे बहुतेक रुग्ण मधुमेही. साध्या औषधाच्या ५० मिलिग्रॅमसाठी अर्धा लिटर डेक्स्ट्रोज लागते, त्यात २५ ग्रॅम साखर असते, आणि ज्या माणसाच्या साखरेनेच हा आजार ओढवून आणला त्याच्या शिरेत ती रोज सोडावी लागते. इन्सुलिनचा हिशेब त्याप्रमाणे नव्याने मांडावा लागतो.

महाराष्ट्राचा या औषधकुळाशी संबंध २०२१ मध्ये जडला असे मात्र नव्हे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिनसाठी तो प्रसिद्ध, पण त्याची संशोधन शाखाही तितकीच तडफदार होती. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे एक नवा जिवाणू सापडला; त्याचे शास्त्रीय नाव गावावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवले गेले. त्यापासून मिळालेले बुरशीनाशक म्हणजे हॅमायसिन, १९६१ च्या सुमाराचे. त्यातले ‘हॅ’ हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे. हे ॲम्फोटेरिसिनचेच सगोत्र. अमेरिकेतही काही बुरशीजन्य आजारांत ते वापरून पाहिले गेले. शिरेतून देण्याजोगे, मूत्रपिंडांना न दुखवणारे औषध मात्र त्यातून हाती आले नाही, आणि हॅमायसिन प्रामुख्याने बाहेरून लावण्याच्या औषधापुरते उरले. ज्या अडचणीशी स्क्विबचे लोक झगडत होते, तीच पिंपरीतही आडवी आली.

वाट सापडली ती औषधाच्या नव्हे, तर वेष्टणाच्या संशोधनातून. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहम येथे ॲलेक बँगहॅम यांनी पाहिले की फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ पाण्यात टाकले असता आपोआप अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांचे रूप घेतात. याच गोळ्या म्हणजे लायपोसोम. ज्यांना पाणी मानवत नाही अशा औषधांना या स्निग्ध भिंतीत बसवता येईल, हे हळूहळू ध्यानात आले. ॲम्फोटेरिसिन तर त्यासाठी अगदी योग्य उमेदवार होते. ते लायपोसोमच्या भिंतीत पक्के बसते, बुरशीपर्यंत पोहोचल्यावर सुटते, आणि वाटेत मूत्रपिंडांना कमी शिवते. गंमत अशी की या भिंतीत कोलेस्टेरॉलही घातलेले असते. मानवी पेशीतल्या कोलेस्टेरॉलला चिकटून औषध त्रास देते. म्हणून त्याला चिकटायला आधीच वेगळे कोलेस्टेरॉल दिले जाते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात गॅब्रिएल लोपेझ-बेरेस्टाइन यांनी १९८० च्या दशकात असे औषध रुग्णांना दिले. त्याच दशकात भारतातही हे काम चालू होते. लायपोसोमच्या भारतीय संशोधनातले अग्रणी नाव बिमलकुमार बच्छावत यांचे. आधी कोलकाता, मग दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर. त्यांच्या प्रयोगशाळेत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन तयार झाले. ते माणसाला देऊन पाहण्याचे, मात्रा ठरवण्याचे, दुष्परिणाम मोजण्याचे काम मात्र मुंबईत झाले : परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात आणि के. ई. एम. रुग्णालयात.

तेथे क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात डॉ. नीलिमा क्षीरसागर होत्या. पुढे त्या याच संस्थेच्या अधिष्ठाता झाल्या. त्यांच्या गटात मेंदूशल्यतज्ज्ञ डॉ. सुनील पंड्या यांचेही नाव आढळते. औषधशास्त्राच्या निबंधावर मेंदूच्या शल्यविशारदाचे नाव कशाला, असा प्रश्न पडेल. पण बुरशी मेंदूपर्यंत पोहोचलेले रुग्ण अखेर याच शस्त्रक्रियागृहात येत. १९९३ मध्ये या गटाने रुग्णांमधील या औषधाच्या सहनशीलतेविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी, कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी यांच्यासह, साध्या ॲम्फोटेरिसिनला दाद न देणारी कँडिडाची सर्वांगीण बाधा लायपोसोमल रूपाने बरी झाल्याची नोंदही आली.

कागदोपत्री या औषधाचे नाव ‘एल-एएमपी-एलआरसी-१’ असे रुक्ष होते. पुढे पाटण्याच्या डॉ. सी. पी. ठाकूर यांच्यासह बिहारमधल्या काळा आजाराच्या रुग्णांवर त्याच्या मात्रांचा अभ्यास झाला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काळा आजार बुरशीचा नव्हे, वाळूमाशीतून पसरणाऱ्या परजीवीचा; पण त्या परजीवीच्या आवरणातही एर्गोस्टेरॉलसारखेच घटक असल्यामुळे ॲम्फोटेरिसिन त्यालाही मारते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे औषध ‘फंगिसोम’ या नावाने बाजारात आले.

फंगिसोमची एक विचित्र अट होती. साठवणीत त्याचे कण एकमेकांना चिकटत, म्हणून रुग्णाला देण्यापूर्वी कुपी ध्वनिलहरींच्या छोट्या कुंडात पाऊण तास ठेवावी लागे. चष्म्याच्या दुकानात काचा धुण्यासाठी असते तशा प्रकारचे हे यंत्र. कंपनी औषधाबरोबर यंत्राचीही सोय करत असे. परदेशी औषध पावडरच्या रूपात येते, ते आधी निर्जंतुक पाण्यात, मग डेक्स्ट्रोजमध्ये मिसळावे लागते. फंगिसोम आधीपासून मिठाच्या द्रावणात तयार असते. म्हणजे साध्या औषधाला जे विष, ते याला चालते! शिवाय परदेशी लायपोसोमलची मात्रा म्युकरमायकोसिसमध्ये दर किलो वजनामागे पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक. फंगिसोमची मान्य मात्रा एक ते तीन. ‘लायपोसोमल’ हा एक शब्द लिहिल्यानेही सगळे स्पष्ट होत नाही, कोणते लायपोसोमल हेही पाहावे लागते.

परदेशी रूपाची कसोटी १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या एका मोठ्या चाचणीत लागली. कर्करोगाच्या उपचारांत पांढऱ्या पेशी उतरलेल्या आणि ताप न हटणाऱ्या ६८७ रुग्णांपैकी निम्म्यांना साधे, निम्म्यांना लायपोसोमल औषध दिले गेले. दोन्हींचा गुण सारखाच आला. हुडहुडी मात्र साध्या औषधाने ५४ टक्के रुग्णांना भरली, लायपोसोमलने १८ टक्क्यांना. मूत्रपिंडांना इजा ३४ टक्क्यांच्या तुलनेत १९ टक्के. हे आकडे नीट वाचावेत. लायपोसोमल औषध निर्धोक नाही. जवळजवळ पाचातल्या एकाला तेही बाधते. काही रुग्णांना पहिल्या काही मिनिटांतच छातीत दाटून येते, धाप लागते, पाठ-कंबर दुखू लागते, चेहरा लाल होतो. तेव्हा ओघ थांबवून, ॲलर्जीविरोधी औषध देऊन, पुन्हा धिम्या गतीने सुरू करावे लागते. रक्ततपासण्यांतून सुटका याही औषधात नाही.

आता पुन्हा २०२१ च्या मेकडे. साठ किलो वजनाच्या रुग्णाचा हिशेब करून पाहावा. दर किलोला पाच मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम. कुपी ५० मिलिग्रॅमची. म्हणजे दिवसाला सहा कुप्या, आणि उपचार किमान तीन-चार आठवडे. एका कुपीची किंमत तेव्हा सहा-सात हजारांच्या घरात. एका दिवसाचे औषध चाळीस हजारांचे, एका महिन्याचे बारा लाखांचे. मुलुंड-घाटकोपरच्या चाळीतल्या कुटुंबाने हा आकडा ऐकल्यावर काय केले असेल, याची कल्पना करता येते. राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा आजार घेतला, जूनमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने औषधावरचा कर शून्यावर आणला. तरी पैसे असूनही कुपी मिळत नाही, ही अवस्था होतीच.

तुटवडा का झाला? आधी या औषधाची देशातली गरजच थोडी होती, म्हणून मोजकेच कारखाने ते बनवत. त्यांपैकी भारत सिरम्सचा कारखाना अंबरनाथला, सन फार्माचे मुख्यालय गोरेगावात. म्हणजे ज्या महानगरात तुटवडा पेटला त्याच्याच परिसरात. पण कारखाना जवळ असून उपयोग नसतो. लायपोसोम बनवणे हे साध्या औषधाच्या कुप्या भरण्यासारखे काम नव्हे. कणांचा आकार नेमका शंभर नॅनोमीटरच्या आत राखावा लागतो, आणि तयार मालाच्या निर्जंतुकतेच्या चाचणीलाच चौदा दिवस लागतात. चौदा दिवसांत या आजारात डोळा जातो.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. औषध मिळाले तरी त्याला बसवायची स्निग्ध भिंत कोठून आणायची? त्यासाठी लागणारा ‘डीएसपीजी’ हा कृत्रिम फॉस्फोलिपिड जगात थोडे उत्पादक बनवतात. अशा लिपिड्सचे उत्पादन करणारी व्हीएव्ही लाइफ सायन्सेस ही कंपनी मुंबईचीच, अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतली. त्या उन्हाळ्यात अचानक बातम्यांत तिचे नाव झळकले. ज्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवरून हजारो लोक रोज कामाला जातात, तेथल्या एका कंपनीच्या ग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या मालावर देशातल्या कुप्यांचा हिशेब येऊन ठेपला होता.

केंद्राने आणखी पाच कंपन्यांना परवाने दिले. त्यांत पुण्याची एमक्युअर होती. राज्यांना कुप्यांचा कोटा ठरवून मिळू लागला, आणि वाटपाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेला. २० मे रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. हा कायदा १८९७ चा, आणि तो झाला होता मुंबईतल्याच प्लेगपायी. सव्वाशे वर्षांनी तो पुन्हा त्याच शहरात, पण या वेळी माणसाकडून माणसाला न होणाऱ्या आजारासाठी वापरला गेला. हेतू विलगीकरणाचा नव्हता, मोजदादीचा होता : रुग्ण किती ते कळल्याशिवाय कुप्या वाटणार कशा?

पालिकेची चार मोठी वैद्यकीय महाविद्यालये, के. ई. एम., सायन आणि नायर ही तिन्ही शहरात, उपनगरात एकटे कूपर. कान-नाक-घसा, नेत्र, मेंदू, जबडा असे चार-पाच विभाग एका रुग्णाभोवती उभे करावे लागत असल्याने लहान रुग्णालयांना हा आजार पेलवत नव्हता. आणि लायपोसोमल मिळेना तेव्हा डॉक्टरांपुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : साधे ॲम्फोटेरिसिन द्यायचे का? ते काही शे रुपयांत मिळत होते. बुरशी मारण्यात ते कमी नव्हते. ज्या रुग्णाची मूत्रपिंडे धड होती त्याला, भरपूर सलाईन देऊन, रोज रक्त तपासून ते दिले गेले आणि अनेक जण वाचले. ज्याचे क्रिएटिनिन मधुमेहाने आधीच वाढलेले, त्याच्याबाबत डोळा की मूत्रपिंड, असा तो हिशेब होता.

याच काळात आणखी रूपे बाजारात आली. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने मेच्या अखेरीस ॲम्फोटेरिसिनचे ‘इमल्शन’ तयार करायला सुरुवात केली. किंमत बाराशे रुपये सांगितली गेली. वैदर्भीय कंपनीने सात हजारांचे औषध बाराशेत आणले, असा आनंद सर्वत्र झाला, आणि तो रास्तही होता. फक्त इमल्शन म्हणजे लायपोसोमल नव्हे, आणि साधेही नव्हे. ते तिसरे औषध. चौथे ‘लिपिड कॉम्प्लेक्स’. चौघांची नावे ॲम्फोटेरिसिन-बीच, पण मात्रा, मिसळण्याची रीत आणि ओघाची गती वेगवेगळी.

जूनमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातून बातम्या आल्या. सागर, जबलपूर आणि इंदूरच्या सरकारी रुग्णालयांत औषध बदलल्यानंतर अनेक रुग्णांना एकाच वेळी थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या. वॉर्डांत घबराट पसरली, ते इंजेक्शन थांबवले गेले. ज्यांना १९६० च्या दशकातली ‘शेक अँड बेक’ ही थट्टा ठाऊक होती, त्यांना ही लक्षणे अनोळखी नव्हती. लायपोसोमलची सवय झालेल्या वॉर्डात साध्या रूपाची कुपी पोहोचली की असे काही होणार, हे पुस्तकात लिहिलेले होते. आधीची पॅरासिटामॉलची गोळी, धिमा ओघ आणि नातेवाइकांना दिलेली पूर्वकल्पना यांनी त्यातला बराचसा त्रास टळू शकतो.

हुडहुडी रुग्ण सहसा सोसून जातो. खरी भीती मात्रेच्या घोळाची असते. साध्या ॲम्फोटेरिसिनची दिवसाची कमाल मर्यादा दर किलोला दीड मिलिग्रॅम. लायपोसोमलची मात्रा पाच. चिठ्ठीवर ‘ॲम्फोटेरिसिन ३०० मिलिग्रॅम’ एवढेच लिहिले आणि हाती साध्या औषधाच्या सहा कुप्या आल्या, तर साठ किलोच्या त्या रुग्णाला कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक औषध जाईल, आणि त्याने हृदयक्रिया थांबू शकते. असे अपघात जगात घडले आहेत. म्हणूनच साध्या औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकात दीड मिलिग्रॅमच्या वर गेल्यास नाव आणि मात्रा पुन्हा तपासा, अशी ठळक सूचना असते. उलटी चूकही तितकीच घातक. लायपोसोमल औषध साध्याच्या मात्रेत, म्हणजे दर किलोला एक मिलिग्रॅम दिले, तर रुग्णाला हुडहुडी येत नाही, क्रिएटिनिन चढत नाही, सगळे ठीक दिसते आणि बुरशी पुढे सरकत राहते.

औषधाच्या दुकानात कुपी हातात घेतली की खोक्यावर पाहायच्या गोष्टी मोजक्याच : ‘लायपोसोमल’, ‘लिपिड कॉम्प्लेक्स’, ‘इमल्शन’ यांपैकी कोणता शब्द आहे, की यांपैकी एकही नाही, आणि डॉक्टरांच्या कागदावर नेमका तोच शब्द आहे का. वॉर्डात कुपी फोडण्यापूर्वी दोघांनी ती वाचायची, रुग्णाचे वजन आणि किलोमागची मात्रा मोठ्याने म्हणायची, ही रीत अनेक रुग्णालयांत असते.

भारताची राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची यादी २०२२ मध्ये नव्याने निघाली. तिच्यात ॲम्फोटेरिसिन-बी दोन रूपांत आहे : एक साधे, दुसरे लिपिड किंवा लायपोसोमल. दोन्हींपुढे कुपीची ताकद एकच लिहिली आहे, ५० मिलिग्रॅम.